कथेतलं यान: एकच इंजिन पळवणार, तरंगवणार आणि वळवणारही का?

तारांगणी:
नमस्कार मंडळी, एक विज्ञानकथा लिहितेय, चांगली लांबलचक होणार आहे, आणि यानाच्या इंजिनापाशी येऊन अडकलेय. यान साधारण १०० टनांचं, लांबी ४० मीटर, आत सहा माणसं. त्याच्याकडून मला तीन कामं हवीयत. एका ग्रहावरून दुसऱ्यावर जाणं, तेही काही दिवसांत, महिने लागून उपयोग नाही. दुसरं म्हणजे पृथ्वीसारख्या ग्रहाच्या वातावरणात उतरून एका वस्तीवर दहा-पंधरा मिनिटं जागच्या जागी तरंगत राहणं, कारण कथेतला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग तिथंच आहे, खालच्या माणसांना दोर सोडून वर ओढून घेतात. आणि तिसरं पाठलाग, शत्रूचं यान मागे लागलंय आणि आपलं यान झटकन वळून निसटतं.

आत्तापर्यंत मी नुसतं "फ्यूजन ड्राइव्ह" (अणूंची केंद्रकं जोडून मिळणाऱ्या ऊर्जेवर चालणारं इंजिन) लिहून पुढे सरकलेय. पण सिनेमांत बघते तेव्हा खटकतं की अंतराळात मागच्या नळकांड्यांतून निळा झोत येतो म्हणून यान पुढे जातं, आणि तेच यान शहरावर आडवं तरंगत असतं तेव्हा खाली ना झोत ना वारा, झाडाचं पानही हलत नाही. काल्पनिक गोष्ट मानायला माझी काहीच हरकत नाही, पण एकदा मानली की पुढचं सगळं तिच्यातूनच निघायला हवं असं मला मनापासून वाटतं. तर एकच ड्राइव्ह ही तिन्ही कामं करेल का, की वेगवेगळ्या यंत्रणा लागतील? आकडे साधारण कुठे जातात? गणित दिलंत तरी चालेल, बसून समजून घेईन.

धूमकेतू_७:
आधी तरंगण्याचं घेऊ, कारण खरी अडचण तिथं आहे.

१०० टन गुणिले ९.८, म्हणजे सुमारे ९८० किलोन्यूटन जोर सतत खाली लावायचा. हा आकडा काही भयंकर नाही, आजची मोठी रॉकेट इंजिनं एकेकटी याच्यापेक्षा जास्त जोर देतात. घोडं अडतं ते पॉवरपाशी. झोताला लागणारी पॉवर म्हणजे थ्रस्ट (हाच तो जोर) गुणिले झोताचा वेग भागिले दोन. त्यामुळे जोर तेवढाच ठेवून झोताचा वेग वाढवत नेला की इंधन कमी लागतं पण पॉवर वाढत जाते, ही देवाणघेवाण कुठल्याच रॉकेटला चुकत नाही, कथेतल्याही नाही.

आता तुमच्या यानावर लावून बघू. रासायनिक रॉकेट, झोत सेकंदाला ३ किलोमीटर धरा. नुसतं तरंगायला सेकंदाला ३२७ किलो इंधन आणि दीड गिगावॅटच्या आसपास पॉवर. यानाचं निम्मं वजन इंधनाचं असलं तरी ते साडेतीन मिनिटांत संपतं! दहा मिनिटं तरंगायचं तर सुरुवातीचं वजन शेवटच्या वजनाच्या सात पट हवं आणि पंधरा मिनिटांना एकोणीस पट. म्हणजे हा रस्ता बंद.

मग फ्यूजन, झोत सेकंदाला ३०० किलोमीटर म्हणू. इंधन सेकंदाला फक्त सव्वातीन किलो, पंधरा मिनिटांचे तीन टनसुद्धा होत नाहीत, एकदम छान वाटतं. पण पॉवर १४७ गिगावॅट! आणि ती सगळी झोतातून खाली त्या वस्तीवर. पंधरा मिनिटांत जवळपास १३० टेराज्यूल, हिरोशिमावर पडलेल्या बाँबच्या साधारण दुप्पट ऊर्जा. ज्यांना वाचवायला यान आलंय त्यांच्यावरच. प्रकाशाचा झोत वापरणारं फोटॉन ड्राइव्ह घेतलंत तर आकडा २९४ टेरावॅटवर जातो, अख्ख्या मानवजातीचा सगळ्या प्रकारचा ऊर्जावापर सरासरी २० टेरावॅटच्या आसपास आहे, त्यावरून अंदाज करा.

म्हणून ग्रहांमधलं इंजिन ग्रहावर वापरायचं नाही, हा पहिला नियम कथेत घालाच. तुमच्या कॅप्टनला वातावरणात शिरायच्या आधी मुख्य इंजिन बंद करावंच लागेल, आणि कोणी तसं करत नसेल तर तो सरळसरळ हल्ला समजला जाईल, यातून कथानकाला केवढी धार येते बघा.

खाली मात्र हवा आहे ना, ती वापरा. तेच रिअॅक्टर हवा आत ओढून तापवून किंवा पंख्यांनी खाली ढकलू दे. झोत सेकंदाला ३०० मीटर इतका हळू ठेवला तर सेकंदाला सव्वातीन टन हवा लागते, पण पॉवर फक्त १४७ मेगावॅट, म्हणजे फ्यूजनच्या झोतापेक्षा हजार पट कमी. जास्त वस्तुमान हळू ढकला, तरंगणं स्वस्त. कमी वस्तुमान जोरात फेका, लांबचा प्रवास स्वस्त. रिअॅक्टर एकच ठेवा आणि ढकलायची वस्तू बदला.

"काही दिवसांत" बद्दल पण सांगून टाकतो. सूर्य-पृथ्वी एवढं अंतर घ्या, १५ कोटी किलोमीटर. अर्ध्या वाटेपर्यंत १ जी ने, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाएवढ्या जोराने, वेग वाढवायचा, मग यान उलटं फिरवून तेवढ्याच जोराने ब्रेक, तर पोचायला तीन दिवसांच्या आत. पण मधे वेग सेकंदाला १२०० किलोमीटर होतो आणि एकूण वेगबदल २४०० च्या वर. ३०० च्या झोताने ते करायचं तर सुरुवातीचं वजन तीन हजार पटींच्या वर लागेल, सोडून द्या. निम्मं वजन इंधन ठेवलं तर त्या इंजिनातून दोनशे किलोमीटर प्रतिसेकंद एवढा वेगबदल निघतो. शंभर वेग घ्यायला, शंभर तो मारायला, मधला प्रवास इंजिन बंद करून, साधारण सतरा-अठरा दिवस. कथेला ते पुरेसं नाही का? माझ्या मते मधला तो शांत, वजनरहित प्रवास कथेत असायलाच हवा.

कागदी विमान:
वरचं गणित पटलं. पण तरंगणं म्हणजे नुसता जोर असून भागत नाही, तो कमी-जास्त करता यायला हवा आणि तोलही सांभाळायला हवा. इंधन जळत जातं, यान हलकं होत जातं, तर थ्रस्टही त्याच प्रमाणात खाली यायला हवा, नाहीतर यान वर उडेल. स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटचा पहिला टप्पा परत येतो तेव्हा त्याची टाकी इतकी रिकामी झालेली असते की एकच इंजिन, तेही कमीत कमी जोरावर, यानाच्या वजनापेक्षा जास्त ढकलतं. त्याला तरंगताच येत नाही. म्हणून वेग शून्य होण्याचा क्षण आणि जमिनीला टेकण्याचा क्षण एकच येईल अशा हिशेबाने इंजिन पेटवतात.

याच्या उलट अपोलोचं चांद्रयान. उतरायचं इंजिन ४५ किलोन्यूटनचं, पण ते १० टक्क्यांच्या आसपास खाली आणता यायचं, त्यामुळेच १९६९ मध्ये आर्मस्ट्राँगला दगडधोंड्यांची जागा टाळून पुढे सरकत सपाट जागा शोधता आली, आणि तरी टेकले तेव्हा मिनिटभर पुरेल एवढंही इंधन उरलं नव्हतं. आपल्या विक्रम लँडरची चार ८०० न्यूटनची इंजिनंही अशीच कमी-जास्त करता येणारी होती. पृथ्वीवर तरंगणारं रॉकेट हवं असेल तर १९९३ चं डीसी-एक्स हे प्रायोगिक रॉकेट बघा, वर गेलं, थांबलं, आडवं सरकलं आणि सावकाश शेपटीवर उतरलं.

तोलाचं बोलायचं तर हॅरियर विमान अभ्यासण्यासारखं आहे. इंजिनाची चार तोंडं खाली वळवली की ते उभं तरंगतं, पण त्या वेळी पंखांवरून हवाच वाहत नाही, मग नेहमीची सुकाणूं निकामी. म्हणून नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांना छोटे हवेचे फवारे दिलेत, पायलट त्यावर तोल सांभाळतो. आणि जड असताना इंजिनाला जास्त ताण द्यायचा तर आत पाणी मारावं लागतं, ते पुरतं दीडेक मिनिटं. तारांगणी, हे तुझ्या प्रसंगात वापर ना! पंधरा मिनिटं नकोच. पायलटला माहितीये की आपल्याकडे चार मिनिटं आहेत, आणि सगळी माणसं वर घ्यायला दहा मिनिटं लागणार आहेत. मोजकी वेळ असली की प्रसंग आपोआप ताणला जातो.

आणि खालचा वारा विसरू नकोस. अपोलो १२ उतरलं तेव्हा दीडशे मीटरच्या वर लांब असलेल्या सर्वेयर ३ या आधीच उतरलेल्या मानवरहित यानावर उडालेल्या धुळीचा मारा झाला होता, त्याचे तुकडे परत आणले त्यावर खुणा सापडल्या. तिथं तर हवाही नव्हती. सेकंदाला सव्वातीन टन हवा ३०० मीटर वेगाने खाली येत असेल तर त्याखाली दोर धरून उभं राहणं अशक्य आहे, छपरं उडतील. झोत यानाच्या चार कोपऱ्यांतून तिरके बाहेर सोडावे लागतील आणि दोर मधल्या मोकळ्या जागेतून. तिरके सोडले की काही जोर वाया जातो, तो धरून चाल.

मंदाकिनी:
मला दुसरी बाजू मांडायचीये, म्हणजे अँटीग्रॅव्हिटी किंवा फील्ड ड्राइव्हची (झोत न सोडता अदृश्य बलक्षेत्राने ढकलणारं काल्पनिक इंजिन), कारण ताईंनी काल्पनिक गोष्ट चालेल असं म्हटलंय आणि सगळेजण झोतावरच बोलतायत.

मुळात तरंगायला ऊर्जा लागायलाच हवी असं काही नाही. टेबलावर पुस्तक ठेवलंय, टेबल ते वर्षानुवर्षं उचलून धरतं, काही खर्च होत नाही, कारण जोर आहे पण हालचाल नाही. रॉकेटला खर्च येतो तो गॅस फेकावा लागतो म्हणून. त्यामुळे एखादं फील्ड जर यान आणि जमीन यांना थेट एकमेकांपासून दूर ढकलत असेल तर शांतपणे, झोताशिवाय, फारशी पॉवर न लागता तरंगणं तर्काला धरून आहे, सिनेमातलं ते दृश्य सरसकट चूक नाही. पण दोन हिशेब चुकते करावे लागतात आणि बहुतेक लेखक तिथं डोळे झाकतात.

पहिला, जोर जातो कुठं? यानाला वर ९८० किलोन्यूटन, तर खाली कशाला तरी तेवढाच. १०० टनांचा भार जमिनीवर येणारच. यान खाली आलंय आणि फील्ड फक्त त्याच्या सावलीएवढं आहे, ४० बाय १० मीटर, तर दर चौरस मीटरला २५० किलो. खाली उभ्या माणसाच्या डोक्या-खांद्यांवर साधारण ५० किलो अचानक येतील. तळ्यावर थांबलं तर पाणी २५ सेंटीमीटर खोल दबेल. म्हणजे नेमकं १०० टन पाणी बाजूला सरेल, यान तरंगणाऱ्या बोटीसारखाच हिशेब देतं. हेच फील्ड शंभर मीटर त्रिज्येत पसरलं तर माणसावर अर्धा-पाऊण किलो, जाणवलं तर जाणवलं. म्हणून नियम करा की उंचावर फील्ड पसरतं आणि खाली येताना आवळत जातं. जितकं जवळ तितकं जड. वाचवायला आलेलं यान फार खाली आलं तर माणसं चिरडतील आणि फार वर राहिलं तर दोर पुरणार नाही. ही ओढाताण पंख्यांच्या वाऱ्यापेक्षा मला जास्त आवडते, कारण ती तुमच्या काल्पनिक गोष्टीतूनच आलीये.

दुसरा हिशेब चढण्याचा. तरंगणं फुकट असेल, उंची फुकट नाही. १०० टन १०० किलोमीटर वर न्यायला ९७ गिगाज्यूलच्या आसपास लागतात, दहा मिनिटांत नेलं तर १६० मेगावॅट. ग्रहाच्या ओढीतून पूर्ण सुटायचं तर सव्वासहा टेराज्यूल. आणि उतरताना तेवढीच ऊर्जा परत मिळते, ती कुठेतरी साठवावी लागेल नाहीतर उष्णता म्हणून बाहेर. फुकटात वर जाणारं यान दाखवलंत की कुठलाही हुशार वाचक म्हणेल, मग त्याच्यावर दगड वर न्या, खाली टाका, वीज बनवा, इंधनाचा प्रश्नच मिटला.

एक चूक फार दिसते म्हणून सांगते. यान ४०० किलोमीटरवर "पार्क" केलंय, शहराच्या डोक्यावर स्थिर. तिथं गुरुत्वाकर्षण संपलेलं नसतं हो, जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतं. स्पेस स्टेशन पडत नाही कारण ते सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर वेगाने आडवं पळतंय. स्थिर थांबायचं तर तिथंही जवळपास पूर्ण वजन तोलावं लागणार.

तारांगणी:
बापरे, किती दिलंत! २५० किलोचा हिशेब दोनदा वाचला. मंदाकिनी, मला तुमचं आवळणारं फील्ड हवंय. पण एक शंका आहे, फील्डने यान उचललं तर आतल्या माणसांना वजन जाणवेल का? आणि पाठलागाचं कोणीच बोललं नाही, तो प्रसंग मी जवळपास लिहून ठेवलाय, यान लघुग्रहांच्या गर्दीतून कलंडत वळणं घेत जातं आणि मागचं यान धडकतं.

जडत्व:
पाठलागाचं मी सांगतो, आणि तो प्रसंग पुन्हा लिहा अशी कळकळीची विनंती आहे, कारण खरं वागणं जास्त थरारक आहे.

विमान कलंडून वळतं कारण पंखांवरची हवा त्याला आत ढकलते. निर्वातात कलंडून काही होत नाही. नाक कुठेही फिरवा, यान आधी जात होतं तिकडेच जात राहतं, दिशा बदलते ती फक्त इंजिन पेटवल्यावर. समजा वेग सेकंदाला १० किलोमीटर, हा काही फार नाही, आणि माणसांना सोसेल असा ३ जी चा जोर. गोलाकार वळण घ्यायचं तर त्रिज्या ३४०० किलोमीटर येते आणि काटकोनात वळायला नऊ मिनिटं! झटकन वळणं हा प्रकारच नाही. लघुग्रहांचंही तसंच, आपल्या सूर्यमालेतल्या पट्ट्यात मोठ्या दगडांमध्ये सरासरी लाखो किलोमीटर अंतर असतं, धडकायला मुद्दाम जावं लागेल. गर्दी हवीच असेल तर ग्रहाची कडी घ्या.

पण झटकन सरकणं जमतं. ३ जी ने दहा सेकंद बाजूला ढकललं तर यान आपल्या मूळ मार्गापासून दीड किलोमीटर दूर. शत्रूने हजार किलोमीटरवरून, सेकंदाला १० किलोमीटर वेगाने साधी गोळी सोडली तर तिला यायला १०० सेकंद लागतात, तेवढ्यात तुम्ही १४७ किलोमीटर बाजूला असाल. म्हणजे पाठलाग हा अंदाजाचा खेळ, तो कुठे सरकेल, मी कुठे मारू. वळणापेक्षा हे लिहा.

आता मुख्य इंजिन मागे असेल तर बाजूला सरकायला आधी यान फिरवायला हवं, आणि फिरवणं ही पूर्णपणे वेगळी यंत्रणा आहे. अपोलोच्या चांद्रयानाला त्यासाठी १६ छोटे थ्रस्टर होते, प्रत्येकी ४४५ न्यूटनचे. स्पेस शटलला ३८ मोठे आणि ६ बारीक. तुमचं ४० मीटरचं यान १० सेकंदांत उलटं फिरवायचं, म्हणजे पाच सेकंद फिरवायला आणि पाच थांबवायला, तर नाकाला आणि शेपटीला प्रत्येकी सुमारे ४२ किलोन्यूटन लागतील. वर कागदी विमान यांनी सांगितलेलं चांद्रयानाचं आख्खं उतरायचं इंजिन जवळपास तेवढंच होतं! मिनिटभर वेळ दिलात तर सव्वा किलोन्यूटनच्या आत भागतं. ५ सेकंदांत फिरवायचा हट्ट धरलात तर जोर चौपट होतो आणि नाकात बसलेला पायलट ३ जी हून जास्त जोराने पुढे काचेकडे फेकला जातो, मधल्या माणसांना मात्र जवळजवळ काहीच जाणवत नाही. म्हणून लढाऊ यानाची कॉकपिट नाकात नसावी, वस्तुमानाच्या मध्यापाशी असावी. हे एवढं एक जरी बरोबर दाखवलंत तरी जाणकार वाचक तुमचा होईल.

मोठी स्टेशनं फिरायला गॅस न वापरता आत फिरणारी जड चाकं वापरतात, पण ती सावकाश कामाची, पाठलागाला नाहीत.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मागून पाठलाग करणारा तुमच्या झोतात येतो. धूमकेतू_७ यांनी काढलेले ते १४७ गिगावॅट आठवा. शहाणा शत्रू कधीच सरळ मागे राहणार नाही, तो बाजूने येईल. आणि ब्रेक मारायची वेळ आली की तुम्हाला शेपूट पुढे करून उलटं व्हावं लागतं, तेव्हा मागे नाक असतं आणि झोताचं संरक्षण नसतं. शत्रू त्याच क्षणाची वाट बघेल.

उष्णता पण धरा. त्या १४७ गिगावॅटमधली फक्त १ टक्का उष्णता यानात राहिली तरी दीड गिगावॅट झाली, आणि निर्वातात ती फक्त किरणांनी बाहेर जाते. १००० केल्विनला तापलेले रेडिएटर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी पानं, दोन्ही बाजूंनी प्रकाशले तरी १३ हजार चौरस मीटर लागतील, तुमच्या यानाच्या सावलीच्या तीस पटींहून जास्त. ही पानं जोरात वळताना मोडतील, म्हणून लढाईआधी मिटवायची, आणि मिटवली की इंजिन मिनिटांच्या हिशेबात तापत जाणार. आणि एवढी उष्णता बाहेर टाकत असताना लपणं तर विसराच.

मंदाकिनी:
वजनाच्या शंकेचं उत्तर. फील्ड कशाला धरतं यावर सगळं आहे. ते फक्त यानाच्या सांगाड्याला ढकलत असेल तर आतल्यांना नेहमीचं वजन जाणवतं, जमिनीवर उभं राहिल्यासारखं. ते प्रत्येक अणूला सारखंच ढकलत असेल तर गुरुत्वाकर्षण रद्द झाल्यासारखं, म्हणजे यान शहरावर स्थिर आणि आतली माणसं मात्र हवेत पोहतायत. दोर ओढायला पाय रोवता येणार नाहीत! पण हेच फील्ड अंतराळात वापरता आलं तर ५० जी ने वेग वाढवला तरी कोणाला काही जाणवणार नाही, मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूसारखं. मग जडत्व यांचे ३ जी चे सगळे आकडे बदलतात आणि पाठलाग वेगळाच होतो. म्हणून मी म्हणेन की फील्ड ग्रहाच्या जमिनीलाच ढकलू शकतं असं ठरवा, दूर गेलं की ढकलायला काही नाही, तिथं फ्यूजनच.

वॉर्पच्या, म्हणजे अवकाशच वाकवून प्रकाशाहून वेगाने जाण्याच्या, वाटेला जाणार असाल तर एवढंच सांगते, भौतिकशास्त्रज्ञ अल्कुबिएरने १९९४ मध्ये मांडलेल्या वाकवलेल्या अवकाशाच्या बुडबुड्यात थ्रस्ट नावाचा प्रकार नाही, यान आत पडल्यासारखं असतं आणि प्रकाशाहून वेगाने जाताना आतून बुडबुड्याच्या पुढच्या कडेपर्यंत संदेशच पोचत नाही. म्हणजे सुकाणूच नाही. निघायच्या आधी मार्ग ठरवायचा.

तारांगणी:
वॉर्प नको. ठरलं असं: फ्यूजन ग्रहांमध्ये, सतरा दिवसांचा प्रवास, वातावरणात बंद म्हणजे बंद. जमिनीला ढकलणारं, सांगाड्याला धरणारं फील्ड तरंगायला, आणि फिरवायला नाका-शेपटीचे थ्रस्टर. कॉकपिट मध्यात नेते. वस्ती डोंगरउतारावर आहे, तर फील्ड तिथं कसं वागेल? यान तिरकं होईल का?

मंदाकिनी:
उताराला काटकोनात ढकलेल, म्हणजे यान वर उचललं जाता जाता दरीच्या बाजूला सरकायला लागेल. ते सरकणं पायलटला सतत थ्रस्टरने थोपवावं लागेल. उतार ३० अंशांचा धरला तर १०० टनांसाठी आडवा जोर ५६० किलोन्यूटनच्या वर येतो, तुमच्या थ्रस्टरच्या कित्येक पट, नाहीच जमणार. १ अंशाला मात्र १७ किलोन्यूटन, जमेल. तेव्हा वस्तीच्या मधोमध एखादं सपाट मैदान ठेवा, आणि पायलटला तेवढ्याच जागेत थांबू द्या.